नळीवरचं नाव

मराठी माणसाची बंदूक बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खांद्यावर असते. स्वतःच्या खांद्यावर घ्यायची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर आली असेल. भाषेत मात्र ती ठाण मांडून बसली आहे. बेत फसला की आपण म्हणतो, बार फुसका निघाला. एखादी गोष्ट निक्षून सांगायची असेल तर ठासून सांगतो. मुलीचं लग्न ठरलं की मे महिन्यात बार उडवून देतो. हे सगळं बोलताना बंदूक कुणाच्या डोळ्यांसमोरही येत नाही.

गेलं वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती येते आहे. जुन्या बंदुका कशा बनायच्या, त्या कोण बनवायचं, यावर मिळेल ते वाचते आहे. त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या नातेवाईकांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी ते पुढे येईलच.

आधी ही जुनी बंदूक चालायची कशी ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तोड्याची बंदूक ही ठासणीची बंदूक. मागून गोळी घालायची सोय नाही, सगळं तोंडातूनच भरायचं. आधी मोजून दारू, मग शिशाची गोळी, आणि लांब गजाने ते नीट ठासायचं. नळीच्या मागच्या टोकाला बाजूला एक बारीक भोक असतं आणि त्याच्या तोंडाशी छोटीशी वाटी, तिला कान म्हणत. या कानात चिमूटभर बारीक दारू घालायची, तिचं नाव रंजक. आणि सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, टोकाला धुमसणारी दोरी म्हणजे तोडा. तो घोड्याच्या चिमटीत धरलेला असतो. चाप ओढला की घोडा खाली वाकतो, तोडा रंजकीला टेकतो, भोकातून ठिणगी आत जाते आणि बार निघतो. कधी कधी नुसती रंजक भुर्रकन जळते आणि आतली दारू थंडच राहते. धूर होतो, आवाज नाही. मला तरी फुसक्या बाराचं याहून चांगलं चित्र सुचत नाही.

या सगळ्यात चाप, घोडा, कान या तशा साध्या गोष्टी. गावातला चांगला लोहार त्या करू शकेल. खरी परीक्षा नळीची. आत दारू पेटली की वायूचा दाब चारही बाजूंनी सारखाच बसतो. गोळी पुढे जायला वाट आहे म्हणून ती जाते. पण नळीत कुठे कच्चा सांधा राहिला असेल तर दाब तिथूनही वाट काढतो, आणि ती जागा नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर असते. म्हणजे नळी घडवणाऱ्याची चूक शत्रूला नाही, आपल्याच माणसाला मारते. हे एकदा लक्षात आलं की जुन्या कारागिरांच्या कामाकडे बघायची नजर बदलते.

नळी कशी घडवत, ते अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलं आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीचं हे पुस्तक. बादशाहीची सगळी खाती, तबेल्यापासून मुदपाकखान्यापर्यंत, त्यात आहेत, आणि बंदुकांवरही मजकूर आहे. तो सांगतो की पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या दोन कडा एकमेकींना भिडवत आणि जोडत. अशी नळी पाव भागापेक्षा जास्त भरायची कुणाची छाती होत नसे. अकबराच्या कारखान्यात पद्धत बदलली. कागदाची तिरकी सुरळी करावी तसा पत्रा तिरका पिळत न्यायचा. कडेला कड भिडवायची नाही, एकीवर दुसरी चढवायची. मग थोडं थोडं तापवत, ठोकत ते सगळं एकजीव करायचं. अबुल फजल म्हणतो की या नळ्या तोंडापर्यंत भरल्या तरी फुटत नाहीत.

यातली मेख समजायला फार शास्त्र लागत नाही. सरळ सांधा नळीच्या लांबीभर एका रेषेत असतो. दाब आला की वालाची शेंग उकलते तशी नळी त्या रेषेवर उकलते. पिळाचा सांधा नळीभोवती गोल गोल फिरतो, त्यामुळे उकलायला एक अशी रेषच मिळत नाही. वरवंट्याखाली न चिरडणारी सुंभाची दोरी आणि सहज फाटणारं केळीचं पान यांत जो फरक, तोच इथेही.

पुढच्या काळात या पिळातून शोभाही आली. पोलादाच्या आणि मऊ लोखंडाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून नळी केली, आणि घासून गुळगुळीत झाल्यावर तिला हिराकशीचं पाणी दिलं, की दोन धातू वेगवेगळे काळवंडतात आणि पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी वर येते. तिला जौहर म्हणतात. आपण जवाहीर म्हणतो तो याच शब्दाचा भाऊबंद. ही नक्षी वरून काढलेली नसते. कारागिराने लोखंड किती वेळा आणि कसं पिळलं, कुठे हात घाईत चालला, कुठे ताव कमी पडला, त्याची ती जमाखर्चाची वहीच असते. युरोपातले कारागीरही अशा पौर्वात्य नळ्यांवर लुब्ध होते. इंग्लंडात घोड्यांच्या नालांचे जुने, झिजलेले खिळे गोळा करून त्यांपासून पिळाच्या नळ्या करत, कारण रस्त्यावर ठेचले गेलेले ते खिळे चिवट असतात अशी त्यांची समजूत होती.

'आईन'मधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. नळ्या आतून साफ करायला गाईबैलाच्या ताकदीवर फिरणारं एक चाक होतं आणि त्यावर एका वेळी सोळा नळ्या साफ होत, असं तिथे लिहिलं आहे. तेही मजेशीर आहे, पण मी म्हणते ते हे नव्हे. तिथे असं लिहिलं आहे की तयार होणाऱ्या बंदुकीवर काही गोष्टी कोरत असत. कच्च्या लोखंडाचं वजन आणि घडवल्यावर उरलेलं वजन, लोखंड कुठून आणलं ती जागा, कारागिराचं नाव, बंदूक कुठे बनली, कधी बनली आणि तिचा क्रमांक.

बादशहाचं नाव बंदुकीवर असतं तर त्यात नवल नव्हतं. पण इथे लोहाराचं नाव आहे. चांगल्या उस्तादांमध्ये अबुल फजल स्वतः कबीर आणि हुसेन अशी दोन नावं देतो. अकबराला कारागिरांचा उमाळा होता असं मी म्हणत नाही. हा सरळ हिशेबाचा भाग असणार. लोखंड चोरलं का, कुणाची नळी फुटली, कुणाला जाब विचारायचा, यासाठी ते नाव. पण जबाबदारी आणि मान या दोन गोष्टी अशाच एकत्र येतात. ज्याला जाब विचारता येतो त्याचं नाव उरतं.

आता थोडं मागे जाऊ आणि आपल्या कोकणपट्टीत येऊ. १५१० साली अफोन्सो दि अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतलं. डिसेंबर १५१३ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं, त्यात गोव्याच्या बंदूक बनवणाऱ्यांची तारीफ आहे. त्यांच्या बंदुका बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत आणि नळीचं मागचं तोंड पेचाने बंद केलेलं असतं, असं तो कळवतो आणि नमुन्यादाखल काही बंदुका व एक गोव्याचा कारागीरही लिस्बनला धाडतो. बोहेमिया म्हणजे आजचा चेक प्रदेश, तेव्हाच्या युरोपात बंदुकांसाठी नावाजलेला. वास्को द गामा कालिकतला उतरून पंधरा-सोळा वर्षंच झाली होती, आणि मांडवीकाठचा एक लोहार लिस्बनला निघाला होता. इतिहासात तो 'गोव्याचा एक कारागीर' एवढाच उरला.

त्या पेचाचं महत्त्व समजायला जपानमध्ये जावं लागतं. १५४३ साली तानेगाशिमा नावाच्या बेटावर एका चिनी जहाजातून पोर्तुगीज उतरले. तिथल्या तरुण सरदाराने त्यांच्याकडच्या दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला सांगितलं, अशी करून दाखव. लोहाराचं नाव याइता किनबेइ. तलवारी करणाऱ्या माणसाला नळी जमली, पण तिचं मागचं तोंड बंद कसं करायचं ते जमेना. जपानमध्ये तेव्हा पेच-आट्यांचं तंत्रच नव्हतं. पुढच्या खेपेला एक पोर्तुगीज कारागीर आला तेव्हा ते कोडं सुटलं. ते शिकण्यासाठी किनबेइने आपली मुलगी वाकासा त्या परदेशी माणसाला दिली अशी तिकडची आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, एका स्क्रूची किंमत त्या काळी काय असू शकत होती ते तिच्यावरून कळतं. तानेगाशिमाला पोचलेल्या बंदुका युरोपातल्या नसून गोवा किंवा मलाक्का इथल्या घडणीच्या होत्या, असं काही अभ्यासकांचं मत आहे. मला ते पटावंसं वाटतं, पण मी कोकणातली, त्यामुळे माझं मत यात धरू नका.

जपानी कारागीर नळीच्या खालच्या अंगाला आपलं नाव कोरत. वरून लाकडी दस्ता बसला की ते झाकलं जाई. बंदूक वापरणाऱ्याला ते एरवी दिसायचंही नाही, कधी नळी दस्त्यावरून सुटी केली तरच दिसणार. तरी कोरायचं.

आपल्याकडे नाव कोरण्याचा हा रिवाज पुढे टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यात ठळक दिसतो. त्याच्या बंदुका वाघमय असतात. घोडा वाघाच्या आकाराचा, नक्षी वाघाच्या पट्ट्यांची. पण त्यांच्यावर घडवणाऱ्याचं नाव, ठिकाण आणि सालही असतं. साल टिपूने स्वतः सुरू केलेल्या मौलूदी गणनेतलं आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. त्यामुळे पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो. या कारखान्यात काही फ्रेंच माणसंही होती. बंगालमध्ये मीर कासीमने राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला नेली आणि गुर्गीन खान या आर्मेनियन सेनापतीच्या हाताखाली तिथे बंदुकांचा कारखाना उभा केला. तिथल्या बंदुका कंपनीच्या बंदुकांशी ताडून पाहिल्यावर सरस ठरल्याची नोंद त्या काळच्या लिखाणात आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी द ब्वान्य होता. त्याच्या पलटणींसाठी आग्र्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली बंदुका बनत. युरोपी बंदुकीच्या तोडीची एक बंदूक दहा रुपयांत पडे असं सांगतात.

म्हणजे अठराव्या शतकात आपल्या कारागिरांना येत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. येत होतं. मीर कासीम १७६३ मध्ये हरला, टिपू १७९९ मध्ये पडला, आग्रा १८०३ मध्ये लेकने घेतलं. कारखान्यांचे धनी गेले. कारागीर तिथेच राहिले, त्यांचं काय झालं हे कुणी बखरीत लिहीत नाही. ते संस्थानिकांच्या आश्रयाला गेले, शिकारीच्या बंदुका करू लागले, जुन्या तोड्याच्या बंदुकांना टोपीचा घोडा बसवून देऊ लागले. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाची लाट आली आणि १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला. बंदूक बाळगायला परवाना लागू लागला, तसा बनवायला आणि विकायलाही. या कायद्यावर आपण नेहमी बोलतो ते भारतीयांच्या हातातून हत्यार काढून घेतलं म्हणून. बनवणाऱ्याच्या हातातून हातोडा काढून घेतला गेला, हे त्याच कायद्याचं दुसरं कलम म्हणायला हवं. ज्यांना परवाना मिळे त्यांना बर्मिंगहॅमची किंवा लंडनची बंदूक मिरवायची असे.

मुंगेरला मात्र हे काम कधी पूर्ण थांबलं नाही. तिथे परवानाधारक कारखाने विसाव्या शतकातही चालू राहिले, आणि त्यांच्याच सावलीत चोरून बनणारे कट्टे आणि पिस्तुलंही. बातम्यांत मुंगेरचं नाव आज येतं ते या दुसऱ्या कारणाने. त्या बातम्यांमध्ये एक तपशील वारंवार असतो आणि तो वाचला की मला आत काहीतरी खुपतं. पकडलेल्या पिस्तुलांवर 'मेड इन यूएसए' किंवा 'मेड इन इटली' असं कोरलेलं असतं.

हात हुशारच असणार. एखाद्या घरात ही विद्या पिढ्यान् पिढ्यांची असेलही. पण अकबराच्या उस्तादाने लोखंड कुठून आणलं हेसुद्धा नळीवर खरंखरं कोरलं, आणि आजचा त्याच हुन्नराचा माणूस स्वतःचं नाव तर सोडाच, गावाचंही नाव लपवतो, देशाचं खोटं सांगतो. माझ्या मते एखादी कारागिरी संपली हे ओळखायची खूण ती वस्तू बनणं थांबणं ही नव्हे. वस्तू बनतच राहते, कधी कधी ढिगाने बनते. तिच्यावर आपलं नाव घालायची सोय आणि इच्छा संपली की ती कारागिरी संपते.

आता घरगुती कारण सांगते.

आमच्या गावच्या घरात माळ्यावर एक तोड्याची बंदूक आहे. माझ्या उंचीची, दस्त्याचं लाकूड वाळवीने अर्धं खाल्लेलं, घोडा कुठल्याशा पिढीत हरवलेला. आंग्र्यांच्या आरमारातली, असं आमचे अण्णा सांगायचे. कोकणातल्या प्रत्येक जुन्या घरातली प्रत्येक जुनी वस्तू आंग्र्यांच्या आरमारातली असते, त्यामुळे ते सोडून देऊ. दर खंडेनवमीला तिला खाली काढायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि परत माळ्यावर. गेल्या खंडेनवमीनंतर भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विषय निघाला की ही अशी कळकट का ठेवायची? कुणीतरी चांगल्या कारागिराकडे देऊन मशीनवर पॉलिश करून घेऊ, घोडा नवा लावू, निकेल चढवू, हॉलमध्ये लावू. अमेरिकेतल्या दादाने तर खर्च द्यायचीही तयारी दाखवली. शिवाय पुढच्या वेळी घेऊन जातो म्हणाला. एकूण सोळा अंगठे वर आले.

मी तेव्हा नुसतं 'थांबा' एवढंच लिहिलं होतं. का थांबा, ते आज सविस्तर लिहिते.

दिवाळीत गावी गेले होते तेव्हा अंधारात मोबाईलचा टॉर्च नळीला अगदी चिकटवून, आडवा धरून पाहिला. कानाच्या थोडं मागे, काळ्या थरातून, बारीक टिंबं दिसली. एका ओळीत. ती अक्षरं आहेत. देवनागरी आहेत हे नक्की, कारण वरची रेघही टिंबांचीच आहे. एक 'स' आहे आणि शेवटी दोन आकडे. बाकीचं मला लागत नाही. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर अशी टिंबाटिंबांनी कोरलेली देवनागरी अक्षरं असतात, त्यामुळे ही पद्धत जुनी आहे. आमच्या नळीवरचं ते नाव असेल, गाव असेल किंवा कुणाच्या कोठारातला नुसता क्रमांक असेल. पण ते टिंब किती खोल असतं सांगू? नखाला लागत नाही इतकं. पॉलिशच्या चाकाला ते पुसायला तीन सेकंद पुरतील.

आणि जौहर असेल तर तेही त्या काळ्या थराखालीच आहे. लाल, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज वेगळा आणि वर्षानुवर्षांत बसलेला घट्ट काळपट थर वेगळा. पहिला लोखंड खातो, दुसरा एका परीने त्याला झाकून ठेवतो. मशीन दोघांत फरक करत नाही. ते कोपऱ्यांच्या धारा बोथट करतं, नक्षीची तार उपटतं आणि वस्तू स्टीलच्या तांब्यासारखी चकचकीत करून देतं. संग्रहालयांतल्या जतन करणाऱ्यांचा नियम याच्या अगदी उलटा असतो. कमीत कमी करा, आणि जे कराल ते उद्या काढता येईल असं करा. सुटा गंज हलक्या हाताने, मऊ ब्रशने काढायचा, वर मेणाचा पातळ हात द्यायचा, ओलीपासून दूर ठेवायचं, हातमोज्याशिवाय धरायचं नाही कारण घामातलं मीठ लोखंडाला लागतं. बस्स. गेलेला घोडा गेलेलाच ठेवायचा.

२०१९ साली इंग्लंडमध्ये बर्कशायरच्या एका कुटुंबाच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या टिपूच्या वस्तू निघाल्या. त्यांचा पूर्वज कंपनीच्या फौजेत होता. त्यातली एक बंदूक लिलावात ६०,००० पौंडांना गेली. तिच्या दस्त्यावर लढाईत बसलेल्या माराची खूण होती आणि ती कुणी दुरुस्त केली नव्हती. सव्वादोनशे वर्षं कुणी हात लावला नाही हीच तिची सर्वात चांगली जोपासना ठरली. पैशांसाठी नाही सांगत हं, दादा. पण सांगितलेलं बरं.

कायद्याचंही बघायला हवं. १९५९ चा शस्त्र कायदा कालबाह्य किंवा पुरातन हत्यारांना सूट देतो, पण कधी? ती दुरुस्त करूनही चालण्यासारखी नसतील तेव्हा. म्हणजे आमची बंदूक निरुपद्रवी आहे ती मोडकी आहे म्हणून. नवा घोडा लावून, कान साफ करून ती चालती केली तर ती शोभेची वस्तू न राहता विनापरवाना हत्यार होईल, आणि परवाना नसलेल्या माणसाने ती दुरुस्त करणं हाही गुन्हाच. मनात शंका असेल तर पोलीस ठाण्यात दाखवून विचारणं हा सरळ मार्ग. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती अशी बॅगेत घालून परदेशी नेता येत नाही. तेव्हा दादा, फोटोवर समाधान मान.

कोडगूच्या कोडवा लोकांकडे हे सगळं वेगळं आहे. इंग्रजांनी त्यांना परवान्यातून सूट दिली, ती स्वतंत्र भारतातही चालू राहिली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने पुढच्या दहा वर्षांसाठी वाढवली. तिथे मुलगा जन्मला की बार काढतात, माणूस गेला की काढतात, आणि कैलपोळ्दला बंदुकीची पूजा करतात. त्यांची बंदूक चालती आहे, म्हणून तिला तेलपाणी करणं हेच तिचं जतन. आपली बंद पडलेली आहे. तिच्याकडून आता बाराची अपेक्षा नाही. ती फक्त सांगू शकते, आणि तेही आपण तिचं तोंड घासून टाकलं नाही तर.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. जुनी ठासणीची बंदूक रिकामीच असेल असं कधीही धरून चालू नका. वाघाच्या किंवा दरोड्याच्या भीतीने भरून ठेवलेली आणि तशीच विसरलेली बंदूक दीडशे वर्षांनी भरलेलीच निघाल्याची उदाहरणं संग्रहालयांमध्येही आहेत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेटते. ओळखायची युक्ती सोपी आहे. लाकडाची बारीक काठी तोंडातून हलकेच आत सोडायची, जिथे अडेल तिथे खूण करायची आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. काठीचं टोक कानाच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग आपण काही करायचं नाही, जाणत्या माणसाला बोलवायचं. मी आमची तशी पाहिली. काठी भोकापर्यंत गेली. हुश्श केलं आणि मगच काकूला चहा टाकायला सांगितलं.

तर भावंडांनो, माझी सूचना एवढीच. येत्या खंडेनवमीला हळदकुंकू नळीवर नको, खाली पाट ठेवू आणि त्यावर वाहू. ओलं कुंकू लोखंडावर वर्षभर बसून काय करतं ते मागच्या फोटोत दिसतंच आहे. पूजेत काही उणं पडणार नाही. टिंबांचे चांगले फोटो काढून मोडी आणि जुन्या लेखांच्या जाणकारांना दाखवू. अण्णांनी जे जे सांगितलं ते, आरमारासकट, ज्याला जेवढं आठवतं तेवढं लिहून काढू. आणि माळ्यावरून काढून कोरड्या कपाटात ठेवू. निकेलचे पैसे वाचले त्यातून कौलं शाकारून घेता येतील, त्या माळ्याला त्याची जास्त गरज आहे.

आणि बाकीच्या वाचकांनो, तुमच्याही घरी माळ्यावर, फडताळात, देवघरामागे असं काही पडलेलं असेल. बंदूकच असायला हवी असं नाही. अडकित्ता असेल, कुलूप असेल, तांब्याचं घंगाळ असेल. त्याच्या पोटाशी, बुडाशी, जिथे सहसा कुणी बघत नाही तिथे टॉर्च आडवा धरून बघा. काही दिसलं तर मला जरूर कळवा. मात्र नीट दिसत नाही म्हणून घासू नका.